काटा काऊन पडत होता

मी, मनोहरलाल टेकचंद रहांगडाले, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, राहणार मौजा सालईटोला, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया, माझ्या घराच्या ओसरीत दिवसाढवळ्या बसून, कोणाच्या धाकाने अथवा भिडेने नव्हे तर माझ्या मर्जीने, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे याची परीक्षा डॉक्टरांनी घेतली. शंभरातून सात, पुन्हा सात, असे वजा करायला लावले. मी न चुकता दोनपर्यंत उतरलो. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

मजकूर माझा, अक्षर निवृत्त शिक्षक ईश्वरदास तुरकर गुरुजींचे. घरात आम्ही पोवारी बोलतो, गावात झाडीबोली. ज्याने जे म्हटले ते मी गुरुजींना गावच्या बोलीतच लिहायला सांगितले आहे. वकीलसाहेबांनी ते सुधारू नये.

कलम १. माझे वारस दोन. पत्नी दुलारी, वय सदुसष्ट. मुलगा खुमेंद्र, नोकरीनिमित्त नागपूरला असतो. यापूर्वी मी लिहिलेले कोणतेही मृत्युपत्र कोणाच्या पेटीत सापडल्यास ते रद्द समजावे.

कलम २. सालईटोला येथील कौलारू घर, परसातली विहीर व गोठा हे सगळे दुलारीच्या हयातीत तिचे. ती असेपर्यंत घराची एक वीटही कोणी हलवू नये. तिच्यानंतर खुमेंद्रचे.

कलम ३. माझ्या वाटणीस आलेल्या धानाच्या बांध्या (भातखाचरे) निम्म्या दुलारीच्या व निम्म्या खुमेंद्रच्या नावे कराव्यात. तळ्याखालच्या बांध्या दुलारीला द्याव्यात, त्यांना पाणी आधी लागते.

उत्तरेकडच्या धुऱ्याबद्दल, म्हणजे शेताच्या बांधाबद्दल. माझा चुलतभाऊ चुन्नीलाल गेली तीस वर्षे दर नांगरटीला तो धुरा चार बोटे माझ्याकडे सरकवतो. हे मला माहीत आहे, कारण मीही दर वर्षी तो चार बोटे परत सरकवतो. आमचे पूर्वज माळव्यातून इतक्या लांब येऊन रान तोडून बांध्या करून गेले, ते आम्ही म्हातारपणी चार बोटांवरून भांडावे म्हणून नव्हे. खुमेंद्रने मोजणी आणावी आणि निघेल ते मान्य करावे. चुन्नीलालने माझ्या तिरडीला खांदा द्यावा, पण मागून.

कलम ४. बँकेत व पोस्टात जे काही असेल ते दुलारीचे. माझ्या दिवसाला गावजेवण घालू नये. ज्याला माझी आठवण येईल त्याने आपल्या घरी जेवावे.

कलम ५. ट्रॅक्टर. हे कलम लांब आहे. वकीलसाहेब म्हणाले, "एका ओळीत होते की काका." एका ओळीत हे की, माझा १९७९ सालचा ट्रॅक्टर, त्याची ट्रॉली आणि चुरणीचे (धान मळण्याचे) मशीन मी पत्नी दुलारी हिला पूर्ण मालकीने देतो. खुमेंद्रने तो भंगारात काढण्याचा विषय यापुढे आईसमोर काढू नये. तो दुलारीलाच का, हे मात्र एका ओळीत येत नाही, म्हणून लिहितो.

२००१ च्या दिवाळीनंतर चुरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या तेलाचा काटा पडू लागला. ज्यांनी कधी ट्रॅक्टर चालवला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचे चेंबर असते. त्यात बुडालेल्या नळीतून एक पंप तेल ओढतो आणि दाबाने सगळ्या इंजिनात फिरवतो. तो दाब समोरच्या घड्याळात एक काटा दाखवतो. काटा उभा असला की इंजिन सुखात असते. काटा खाली बसला आणि तरी तुम्ही चालवत राहिलात, तर लोखंड लोखंडाला खाते.

तेव्हा आमच्या ट्रॅक्टरचे काम दुधराम उईके बघत असे. देवरीला मोठ्या रस्त्यावर त्याचे टिनाचे शेड होते. शाळा फार शिकला नव्हता, पण पंचक्रोशीतले निम्मे ट्रॅक्टर त्याच्या हातचे होते. मला तो मालक म्हणे. त्याने तेल बदलले. तीन दिवस काटा उभा राहिला, चौथ्या दिवशी पडला. तो म्हणाला, "मालक, दोन दिस द्या. चेंबर खोलून पायतो." चुरणी अर्धी पडली होती. मला कोणीतरी सांगितले की तेल खराब असले की असे होते. मी दुसऱ्या कोणाला विचारले नाही.

देवरीच्या भर बाजारात मी त्याला उभे केले आणि म्हणालो की याने माझ्या इंजिनात जळके तेल घातले, याच्या हाती कोणी ट्रॅक्टर देऊ नये. मी तेव्हा धान सोसायटीचा अध्यक्ष होतो. माझा आवाज मोठा होता आणि माझ्या शब्दाला किंमत होती. दुधराम एवढेच म्हणाला, "मी नाही घातलं." त्याच्यामागे दोन माणसे हसली. होळीपर्यंत त्याचे शेड बंद झाले. तो बायकोपोरांना घेऊन सीमेपलीकडे छत्तीसगडात गेला, आणि ट्रकच्या एका गॅरेजात दुसऱ्याच्या हाताखाली राहू लागला.

त्यानंतर आठ वर्षांत मी दोनदा इंजिनाचे काम केले, दोन वेगळ्या मिस्त्रींकडे. दोघेही म्हणाले, बेअरिंग गेले. दोघांनी बेअरिंग बदलले. दर वेळी थोडे दिवस काटा उभा राहिला आणि पुन्हा पडला. २००९ साली तिसरा म्हणाला, विकून टाका. खुमेंद्रही तेच म्हणाला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा वाटले की ज्याने दोन दिवस मागितले होते त्याला ते द्यायला हवे होते. हे मला उशिरा सुचले, आणि तेही ट्रॅक्टर अडला म्हणून सुचले. येथे खोटे लिहीत नाही.

दुधराम माघ पौर्णिमेला कचारगडची गोंडांची जत्रा चुकवत नाही, असे कळले होते. मी गेलो. डोंगर चढताना बोलायचे काय ते मनात जुळवत होतो. वर पोचलो आणि गुहेचे तोंड समोर आले. आमचे अख्खे सालईटोला त्यात उभे राहिले असते आणि तरी वर आभाळाएवढी जागा उरली असती. हजारो माणसे आत जात होती आणि मुंग्यांएवढी दिसत होती. माझे जुळवलेले सगळे बोलणे गळून पडले. खाली ओढ्याकाठी दुधरामचे कुटुंब चूल मांडून बसले होते. त्याचे केस पांढरे झाले होते. मी समोर उभा राहिलो. त्याने रामराम केला नाही, मालकही म्हणाला नाही.

"प्रेशर किती देऊन रायलं?" त्याने विचारले.

"गरम झालं का काटा खाली बसते," मी म्हणालो.

"एकदम बसते?"

"आंधी थरथरते."

तो तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "थरथरते? हे मले तवा काऊन नाही सांगतलं?"

"मले मालूम नोतं. चुरनीत काटा दुलारी पायते."

"मंग तिलेच इचारा लागन," तो म्हणाला. "येतो मी. तुमच्यासाठी नाही येऊन रायलो. त्या इंजनानं माह्यं नाव खाल्लं, त्याच्या पोटात का हाये ते पायचं हाये मले."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. स्वतःची पाण्याची बाटली आणि डबा घेऊन आला. दुलारीने चहा पुढे केला तेव्हा म्हणाला, "नाही बाई. काम करून जातो."

२००१ साली मी त्याला हाकलले तेव्हा त्याची पान्यांची पेटी आमच्या गोठ्यात राहिली होती. आठ वर्षे ती मी वापरली होती. मी ती त्याच्यासमोर ठेवली. त्याने एकेक पाना बाहेर काढून पुसला आणि म्हणाला, "चौदा-पंधराचा नाही." तो मी विहिरीत पाडला होता. मी सांगितले. त्याने आपल्या पिशवीतला काढला.

मला वाटले होते तो लगेच इंजिन खोलेल. त्याने काहीच खोलले नाही. आधी तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून वास घेतला, त्यात डिझेल उतरले आहे का ते पाहिले. नव्हते. मग आमचे घड्याळ काढून स्वतःचे लावले, कारण कधी कधी घड्याळच खोटे बोलते. खोटे नव्हते. मग दाब जास्त झाला तर तेल सोडणारी कळ काढून तिची स्प्रिंग पाहिली. ठीक होती. प्रत्येक वेळी तो नुसता मान हलवी. मी विचारले, बेअरिंग? तो म्हणाला, "सस्त्यातलं आंधी पाहाचं. इंजन आखरीले खोलाचं. मले दोन दिस याच्यासाठीच पायजे होते."

मग तो अंगणात दुलारीसमोर उकिडवा बसला. ती सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती.

"बाई, काटा तुमी पायता म्हनतेत. का दिसते?"

दुलारीने सूप खाली ठेवले. चुरणीत पट्ट्याच्या बाजूला बसून काट्यावर लक्ष ठेवायचे काम मीच तिला दिले होते. काटा पडला की हाक मार, एवढे सांगितले होते. ती आठ हंगाम ते काम करत होती.

"तेल भरल्यावर तीन-चार दिस काटा बराबर रायते," ती म्हणाली. "मंग थरथरते, मंग पडते. तेल मोजाची पट्टी काढली तं तेल दोन खुनांच्या मधात. म्हंजे कमी नाही. पन वरच्या खुनेवर असलं का कदी पडत नाही. मधात आलं का पडते."

"मंग तुमाले का वाटते?"

"आमच्या हिरीवरची मसीन अशीच करे. हिरीत सोडलेल्या पाइपाले वरच्या अंगानं चीर पडली होती. पानी चिरेच्या वर असे तवर मसीन पानी देये. पानी चिरेच्या खाली गेलं का हवा खाये. पाइपाचं तोंड पान्यात असूनबी."

दुधरामने हळू विचारले, "हे तुमी कोनाले सांगतलं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिले. "सांगतलं होतं. पयल्याच साली."

खरे आहे. सांगितले होते. मी तेव्हा चार माणसांत म्हणालो होतो की इंजिन म्हणजे काय विहीर आहे का. सगळे हसले होते. दुलारी हसली नव्हती, आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोललीही नव्हती.

दुधरामने चेंबरमध्ये वरच्या खुणेच्याही वर एक लिटर तेल ओतले. ट्रॅक्टर चालू केला आणि तासभर चालवून चांगला तापवला. काटा उभा. त्याने खालचा बोल्ट ढिला करून थोडे थोडे तेल काढले. तेल अजून दोन खुणांच्या मध्येच होते, आणि काटा थरथरला व पडला. पुन्हा ओतले, उभा राहिला. असे त्याने तीनदा केले. क्षुल्लक म्हणून आठ वर्षे जे कानाआड केले तेच माझ्यासमोर, तिने सांगितले तसेच्या तसे, वर-खाली होत होते.

मग त्याने चेंबर खोलले आणि तेल ओढणारी नळी काढली. वीतभर लांब, बोटभर जाड. डोळ्यांना तिच्यात काही दिसत नव्हते. दोन्ही मिस्त्रींनी तीच नळी धुऊन परत बसवली होती. दुधरामने तिचे एक तोंड रबराने बंद केले, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला आणि नळी बादलीतल्या पाण्यात धरली. पंक्चर पाहतात तशी. मी पंप मारला. नळीच्या वरच्या जोडाच्या टाक्याजवळून मोहरीएवढे बुडबुडे एका रांगेत वर येऊ लागले.

दुलारीने पाण्यात बोट घालून त्या जागी ठेवले. बुडबुडे थांबले. तिने बोट काढले. पुन्हा आले.

"आठ वरस घरातच मेकॅनिक होती तुमच्या," दुधराम मला म्हणाला.

मी विचारले, ही चीर कशाने पडली? तो म्हणाला, "लोखंड हाये. जुनं झालं का फुटते. यात कोनाचाच हात नाही." त्याचाही नव्हता, हे त्याने म्हटले नाही. म्हणायची गरज नव्हती.

देवरीहून पितळेचा टाका मारून आणल्यावर त्याने नळी बसवली. इंजिन चालू झाले. त्याने लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, इंजिनाच्या अंगाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली, मग मला ऐकायला दिले. तीस वर्षांत मी तसे कधी ऐकले नव्हते. तो सांगत होता की आतली एवढी जड दांडी बेअरिंगला लागतच नाही. मधात तेलाचा पडदा असतो, केसाहून पातळ. त्या पडद्यावर ती तरंगत फिरते, एका मिनिटात हजार-दोन हजार वेळा, आणि पडदा आहे तोवर लोखंडाला लोखंड शिवत नाही. मी त्या ट्रॅक्टरवर बसून बांध्या नांगरल्या, वराती नेल्या, बाजार केले. माझ्या मांड्यांखाली लोखंड तेलावर तरंगत होते हे मला माहीत नव्हते. मी पेचकस दुलारीला दिला. तिने डोळे मिटले आणि इतका वेळ ऐकले की दुधरामने हात पुढे केला नाही, वाट पाहिली.

म्हणून ट्रॅक्टर दुलारीचा. तिला चालवता येतो, २००९ नंतर शिकली. ती तो ज्याला देईल त्याला द्यावा, माझी हरकत नाही.

कलम ६. माझी एक अंगठी, हाताचे घड्याळ व बंदुकीचा जुना परवाना खुमेंद्रला. बंदूक नाही, ती मी कधीच जमा केली. परवाना त्याला लहानपणी आवडायचा.

कलम ७. वगळलेले. पण गाळले का, हे वारसांना कळावे म्हणून लिहितो.

ट्रॅक्टर दुरुस्त झाल्यावर मी गावात सांगितले, "दुरुस्त झाला." कोणी केला, काय निघाले, हे सांगितले नाही. दुधराम पुढच्या वर्षी देवरीला परत आला. पण ट्रॅक्टर त्याच्याकडे कोणी आणीना. दोन वर्षे तो सायकली आणि पाण्याचे पंप दुरुस्त करत होता. माझे बाजारातले बोलणे आता माझ्याखेरीज कोणी पुसू शकत नव्हते, आणि मी ओसरीत बसून होतो.

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी रस्त्यालगतची थोडी जागा दुधरामला शेड बांधण्यासाठी लिहिली होती. गुरुजींच्या हाती निरोप धाडला. त्याने उत्तर दिले, "माही जागा नोती गेली. नाव गेलं होतं."

मग मी दुसरा मसुदा केला. त्यात लिहिले की माझ्या तेरवीच्या दिवशी, सर्व गाव जमल्यावर, खुमेंद्रने पुढील मजकूर मोठ्याने वाचावा: दुधराम उईके याने माझ्या इंजिनात जळके तेल घातले नव्हते, मी भर बाजारात त्याच्यावर खोटा आळ घेतला, दोष नळीच्या चिरेत होता, तो माझ्या पत्नीने पहिल्याच वर्षी ओळखला होता आणि दुधरामने शोधून दाखवला. गुरुजींनी हे वाचून दाखवले तेव्हा मला बरे वाटले.

दुलारी दाराशी उभी राहून ऐकत होती. "मेल्यावर वाचाचं म्हनता?" ती म्हणाली. "तवा तुमाले कोन्ती लाज वाटनार?"

गुरुजींनी पेन खाली ठेवले. मी त्या दिवशी जेवलो नाही.

परवा देवरीचा बाजार होता. दुलारीने ट्रॅक्टर काढला, मी शेजारी बसलो. २००१ साली ज्या चिंचेखाली मी दुधरामला उभे केले होते त्याच चिंचेखाली उभा राहिलो आणि तो कागद काढला. भाजीवाल्या, सुकट विकणाऱ्या बाया, सोसायटीतली दोन-चार जुनी माणसे, सगळी थांबली. दुधराम आपल्या शेडातून उठून आला आणि गर्दीच्या कडेला, हातातला फडका न टाकता, उभा राहिला. मी शेवटपर्यंत वाचले. घडी घालून कागद खिशात ठेवला. कोणी हसले नाही.

दुधराम म्हणाला, "आवाज लहान होता. मांगच्यांले आयकू नाही गेलं."

मी कागद पुन्हा काढला आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, पुन्हा वाचला.

सबब हे कलम माझ्या हयातीतच अमलात आले असल्याने मृत्युपत्रात ठेवलेले नाही.

येणेप्रमाणे वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला गेला. मी तो समजून, मान्य करून, प्रत्येक पानावर सही केली आहे. अंमलबजावणी दुलारीने करावी. अडचण आली तर गुरुजींना विचारावे, मुलाला नंतर.

ठिकाण: सालईटोला, ता. देवरी, जि. गोंदिया
दिनांक: १४ मार्च २०१२

(सही) मनोहरलाल टेकचंद रहांगडाले

आमच्यासमक्ष मनोहरलाल यांनी सही केली, व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. (सही) ईश्वरदास तुरकर, निवृत्त शिक्षक, सालईटोला.

२. (डाव्या हाताचा अंगठा) नंदाबाई मेश्राम, धंदा देवरीच्या बाजारात सुकट विकणे. २००१ साली आणि परवा, दोन्ही वेळा हजर होते व दोन्ही वेळा ऐकले. परवाचे दोनदा.